तळ्यातला तीनचा आकडा

मित्रांनो, मी मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका तळ्यात उभा असलेला, पाणी मोजायचा जुना खांब आहे. गवंड्याने मला सिमेंटात घडवलं आणि अंगावर पांढऱ्या रंगात शून्यापासून सहापर्यंत मीटरचे आकडे काढले. तळ्याच्या पाण्याची देखरेख करणारा पाटकरी महिपती बांधावरून माझा आकडा वाचायचा आणि दर आठवड्याला सोलापूरच्या एका दैनिकाला पोस्टकार्ड टाकायचा. "खांब खोटं बोलत न्हाय," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मला केवढा अभिमान वाटायचा!

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. तळ भेगाळला. वळसा वाचवायला पलीकडच्या वस्तीचे लोक तळ्यातूनच ये-जा करू लागले आणि माझ्या पायाशी पायवाट पडली.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात आठवडाभरात पाणी चढलं. मातकट, तळ न दाखवणारं. महिपतीने कार्डावर 'तीन मीटर' लिहिलं. दैनिकात बातम्या तपासणाऱ्या त्रिंबकरावांना वाटलं, मीटर कुणाला कळतो? त्यांनी 'मीटर' खोडून 'फूट' लिहिलं. आकडा तसाच ठेवला. हे मला पुढे त्यांच्याच तोंडून कळलं.

पलीकडच्या वस्तीतला ईश्वर बाजार करून बांधावर आला. बगलेत पेपर होता.

"ईश्वरा, वळशानं जा!" महिपती लांबून ओरडला.

"पेपरात तीन फूट हाय की! कमरंएवढं!"

महिपती धावत येईपर्यंत तो जुन्या वाटेने उतरला होता. आधी गुडघ्याइतकं, मग छातीइतकं, मग पायाखाली काहीच नाही. त्याचा हात माझ्या ओल्या अंगावरून घसरला. मला हात कुठला, की मी पुढे करावा?

तेव्हापासून संध्याकाळी वारा पडला की पाण्याखालून कुणीतरी मला चाचपतं. एक. दोन. तीन. बोटं तीनवर थांबतात आणि पुन्हा खालून सुरुवात करतात. पुढे पाणी दोनवर उतरलं, तरी तीनचा आकडा सकाळी ओलाच असायचा. महिपतीने तो दोनदा रंगवला. दोन्ही वेळा आठवड्यात पुसला गेला.  मग तो दिवस कलायच्या आत घरी जाऊ लागला.

हिवाळ्यात त्रिंबकराव आले. ईश्वरची बायको सोजरबाई बांधावरच होती. टोपी हातात घेऊन त्यांनी सगळं कबूल केलं. "बाई, मला माफ करा."

सोजरबाई माझ्याकडेच बघत होती. "सायेब, पाणी दोनवर हाय न्हवं? मग त्यो तीन ओला कशानं?"

त्रिंबकरावांनी पाहिलं.

"माफी घेऊन काय करू?" ती म्हणाली. "पेपरात लिवा. तीन मीटर म्हंजी माणूस हात वर करून हुबा ऱ्हायला, तरी बोटं दिसायची न्हाईत. तुमचं नाव घालून लिवा."

दैनिकाचे मालक म्हणाले, आपल्या वाचकांना फूटच कळतात. त्रिंबकरावांनी राजीनामा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी लेख. लेख छापून आला. त्यात स्वतःची चूक होती, सोजरबाईचं वाक्य होतं, आणि सगळ्या वर्तमानपत्रांना, रेडिओला विनंती होती: माप मीटरमध्ये घेतलं असेल तर मीटरमध्येच सांगा; लोक शिकतील, आपण शिकवू. महिपतीने तो लेख बांधावर उभा राहून मोठ्याने वाचला. पाणी अगदी गप्प होतं. पण संध्याकाळी हात आलाच. अजूनही येतो.

पुढच्या पावसाळ्यात दैनिकात 'चार मीटर' असं छापलं. तिघीजणी बांधापर्यंत आल्या, पेपर उघडून बघितला आणि वळशाच्या रस्त्याला लागल्या. त्यात सोजरबाईची लेक होती.

आता मी कललो आहे. महिपती गाव सोडून लेकाकडे गेला, आणि मला रंग द्यायला कुणी फिरकत नाही. मित्रांनो, तुमच्या गावात असा खांब असेल तर त्याचे आकडे पुसू देऊ नका. आणि मोठे होऊन कधी वर्तमानपत्रात लिहिलंत, तर आकड्याशेजारचा शब्द बदलू नका. कुणीतरी तो वाचून पाय पुढे टाकणार असतं.