चोरओटी

आवडाबाईंनी माडीवरची खोली स्वतः धुतली, कामवालीला हात लावू दिला नाही. फिनेल नको, वासाचा साबण नको, नुसतं गरम पाणी आणि काथ्या. कपाटाच्या कोपऱ्यातल्या डांबराच्या गोळ्या वेचून त्यांनी बाहेर फेकल्या. शेजारच्या काकींना भिंतीवरून बजावून आल्या, की मच्छर अगरबत्ती आमच्या बाजूच्या खिडकीत लावशील तर बघ. आणि फरशी घासता घासता गुणगुणायला लागल्या:

पयल्या गो मासाला, सुनेला नको वास
माज्या गो उंबऱ्याला, पावलांची लागली आस

जिन्यात उभी राहून त्यांची सून कल्पिता ऐकत होती. तिच्या पोटात कोणीही नव्हतं.

कोपरच्या आळीत हे घर जुनं. शेती गेली, मिठागर गेलं, जमिनीवर इमारती आल्या आणि घरावर माडी चढली. कल्पिता लग्न होऊन आली तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात फोनवर तक्रारी ऐकायची नोकरी करत होती, अजूनही तीच करते. कुणाचा फ्रिज गार होत नाही, कुणाचं वॉशिंग मशीन गळतंय. चूक कंपनीची, शिव्या कल्पिताला. सलिल नावाचा तिचा साहेब पाठीमागून फिरायचा आणि म्हणायचा, कल्पिता, तुझ्या आवाजात हसू ऐकू आलं पाहिजे. ती हसू ऐकवायची. संध्याकाळी घरी यावं तर आळीतल्या बायकांचा एकच प्रश्न, गोड बातमी कधी? तिथेही ती हसू ऐकवायची. वर्षानुवर्षं हसू ऐकवून ऐकवून बाईचं आतलं काय काय सुकत जातं, ते कोण मोजतं?

मग ऑफिस नव्या मजल्यावर गेलं. ताज्या रंगाचा वास, कार्पेटखालच्या गोंदाचा वास, आणि भिंतीवर थोड्या थोड्या वेळाने फुस्स करून अत्तर थुंकणारं एक यंत्र. कल्पिताचा घसा जळायला लागला, डोकं ठणकायला लागलं. तिला वाटलं, चार दिवसांचं आहे, जाईल. गेलं नाहीच, उलट मागोमाग घरी आलं. धूप सोसेना, कपड्यांची पावडर सोसेना, नवऱ्यानं, कमलेशनं, शर्टावर काही फवारलं की तिला खोली सोडावी लागे. पुढे ते ताटात शिरलं. ज्या सुक्या बोंबलासाठी ती लहानपणी भावाशी भांडायची, त्याच्या वासानं आता पोट ढवळून येई. लोणचं खाल्लं की अंगावर चट्टे. आज हे, उद्या ते. जग जणू एकेक दार तिच्या तोंडावर लावत चाललं होतं.

रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. जणू टेन्शन बाजारात मिळतं आणि ही हौसेनं पिशवी भरून आणते! शेवटी डोंबिवलीतल्या डॉक्टर मृणाल यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये न तोडता. त्या म्हणाल्या, शेतावरच्या राखणदाराला वर्षानुवर्षं धड झोपू दिलं नाही, तर तो पान हललं तरी काठी उगारतो, शरीराचं तसंच काहीसं होतं. नेमकं कसं होतं ते आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही, पण त्रास खरा आहे. घरातले वास कमी करा, जे सोसतं ते साधं खा, झोपा.

त्रास खरा आहे, एवढ्या तीन शब्दांनी ती दवाखान्यातच रडली होती.

घरी येऊन तिनं सांगितलं. आवडाबाई म्हणाल्या, देवाला धूप नाय लावायचा? डाक्टरीन सांगते म्हनून? कमलेश म्हणाला, मनाचे खेळ असतात गं. भिंतीपलीकडून काकींनी एका शब्दात निकाल दिला, नखरे. धूप चालू राहिला, फोडण्या चालू राहिल्या, आणि कल्पिता ओढणी नाकाला धरून स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी वावरायला लागली.

आणि एका सकाळी मसाल्याची फोडणी पडली, तशी ती मोरीकडे धावली आणि भडाभडा ओकली.

पाठीवर हात आला. आवडाबाईंचाच, पण निराळा. इतका मऊ हात या घरात तिच्या पाठीवर कधी पडला नव्हता. तिनं मान वळवून पाहिलं, तर सासूच्या डोळ्यांत पाणी.

कल्पिता लगेच म्हणाली, नाही हो आई, तसं काही नाही. आवडाबाई नुसत्या हसल्या. तीन महिने भरेपर्यंत असं बोलायचं नसतं, हे त्यांना काय कुणी शिकवायला हवं? त्यांच्या सासूनं विचारलं होतं तेव्हा त्याही नाहीच म्हणाल्या होत्या. कल्पिता दुसऱ्यांदा नाही म्हणाली, तशी त्यांची खात्री झाली. तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा त्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. पुरे बाय, नजर लागंल.

म्हणजे खरं बोलायची वाटच बंद. ‘नाही’ या शब्दाचा अर्थच आळीनं ‘हो’ करून ठेवलेला.

त्याच दिवशी तिनं कमलेशला स्पष्ट सांगितलं. तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, राहू दे ना थोडे दिवस. आई खूश आहे, तुला पण आराम मिळतोय. मग बघू.

आणि आराम मिळाला, हे तर खरंच होतं. धूप बंद झाला. फोडण्या मागच्या पडवीत गेल्या. सकाळी तांदळाची पेज, दुपारी डब्यात मऊ भात आणि दुधी, दोन्ही आवडाबाईंच्या हातचं. डिओची बाटली त्यांनी पोराच्या हातातून काढून घेतली. माडीवरची खोली धुतली, ती त्यानंतरच. त्या खोलीत कल्पिता कितीतरी महिन्यांनी सलग झोपली. डोकं हलकं झालं, चट्टे मावळले. ऑफिसातला दिवसही थोडा सोसायला लागला. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध हेच तर होतं. ते या घरात होतं, पहिल्यापासून होतं. फक्त तिच्या नावानं ते कुणी देत नव्हतं.

तोच घसा, तेच पोट, तीच ओकारी. कालपर्यंत नखरे, आजपासून डोहाळे!

हा विचार आला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पण ती गप्प राही, कारण श्वास घेता येत होता. पाळी आली, तेव्हा पॅड ऑफिसच्या बॅगेत तळाशी लपवून तिनं नेले-आणले. आपल्याच घरात, आपल्याच शरीराची चोरी.

मग आवडाबाईंनी चोरओटी करायचं ठरवलं. गाजावाजा न करता, दोन-चार घरच्या बायकांत भरायची ओटी. रविवारी दुपारी नणंद आसावरी आली, शेजारच्या काकी आल्या. आवडाबाईंनी त्यांना दारातच हुंगून आत घेतलं. अत्तर नको, गजरा नको. हिरवं खणाचं कापडसुद्धा त्यांनी दोनदा धुऊन उन्हात वाळवलं होतं, दुकानाचा वास जाईपर्यंत. कल्पिता पाटावर बसली. पदरात तांदूळ पडले, नारळ आला. आणि तिला भरून आलं. धुतलेला खण बघून भरून आलं. इतक्या मायेनं कुणी आपला विचार करू शकतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

आवडाबाई वाकल्या. तिच्या पोटाशी तोंड नेऊन म्हणाल्या, “तुज्यासाठी हां बाबा. तुज्यासाठी देवाचा धूप बंद केला मीनी. दुसऱ्या कोनासाठी केला नसता.”

आसावरी हसली, काकी हसल्या. कल्पिताच्या अंगातून काहीतरी सळसळत वर आलं.

“आई, पोटात कोणी नाही,” ती म्हणाली.

काकी म्हणाल्या, असंच बोलतात. कल्पितानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. “मागच्या आठवड्यात पाळी येऊन गेली. कमलेशला विचारा. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

कमलेश दारात उभा होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला. कुणाचाही फोन आलेला नव्हता. आवडाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि पोराची खाली गेलेली मान बघून त्यांना कळलं. त्या पाटाशेजारी बसल्या.

“मंग येवरं दिस मीनी केलं कोनासाठी?”

“माझ्यासाठी,” कल्पिता म्हणाली. “मी बरी होत होते ना, आई. तुम्ही रोज बघत होता. मी जेवायला लागले, झोपायला लागले. ते पोटातल्या कुणाला नाही, मला लागत होतं. मग माझ्यासाठी का नाही?”

मग काकींनी आपलं जुनं नाणं वाजवलं, म्हणजे नखरेच की. आसावरी पुटपुटली, ओटी मागे घ्यायची का गं आता? तांदूळ पदरातच होते. दिलेली ओटी परत घ्यायची रीत नाही, आणि पोटात कुणी नसताना ती भरायचीही नाही. आवडाबाईंचा हात पुढे आला आणि अधांतरी थांबला.

कल्पितानं पदराला गाठ मारली. “नका घेऊ. माझी आहे.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली. ओटीचे तांदूळ धुतले, गॅसवर ठेवले, आणि सगळ्यांसमोर बसून पेज प्यायली. रडली नाही. रडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

संध्याकाळी आवडाबाईंनी हट्टानं धूप पेटवला. कल्पितानं फडक्यात धरून धुपाटणं उचललं, बाहेर ओट्यावर नेऊन ठेवलं आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कमलेश म्हणाला, आईला वाईट वाटतंय, एकदा सॉरी म्हण ना. तिनं त्याला विचारलं, तू म्हणालास का मला? त्यानं मोबाइल उघडला. त्याला तेच बरं जमतं.

त्यानंतर आवडाबाई धूप ओट्यावरच लावायला लागल्या. सुनेशी बोलत नव्हत्या. भांडी आदळत होत्या, पण फोडणी मागच्या पडवीतच देत होत्या.

एका संध्याकाळी काकींनी भिंतीवरून खवचटपणे विचारलं, “काय गो आवडे, देवाला भायेर काहाडलंस? अजून डोहाले हायेत कं सुनेला?”

“डोहाले नाय न् काय नाय,” आवडाबाई खेकसल्या. “वासाचा तरास होतं मानसाला. तुना काय करायचंय?”

आत कल्पिता पेज ढवळत होती. तिला ऐकू आलं. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाच राग आला. माणूस म्हटलं एवढ्यानं डोळे भरून यावेत, इतकं या लोकांनी तिला उपाशी ठेवलं होतं.