ढकलून बघ

दुकानात चारा बांधायचे दोन बेलर उभे होते. मोठा होता तो हत्तीएवढ्या गासड्या बांधायचा, त्या उचलायला ट्रॅक्टरच हवा. धाकटा मक्याची कुट्टी दाबून गुडघ्याएवढ्या गोल गासड्या करायचा आणि चारा मुरून मुरघास व्हावा म्हणून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून द्यायचा. बायकोचा जीव मोठ्यावर. बारा गाईंचा मुरघास, काम झटपट उरकलं पाहिजे. शिवाय शेजाऱ्यांनी पाहिलं तर जरा बरं दिसलं पाहिजे, हेही होतंच.

नवऱ्यानं मात्र धाकट्याची नमुन्याची एक गासडी पुढ्यात घेतली आणि तिला म्हणाला, "जरा ढकलून बघ."

रागारागात तिनं ती अशी ढकलली की थेट भिंतीला जाऊन थडकली.

"हाच द्या," तो लगेच दुकानदाराला म्हणाला.

कंजूषपणा करायचा आणि वर चारचौघांत आपली थट्टा! त्या दिवसापासून 'तुमचं खेळणं' म्हणून ती त्या मशीनला उठता-बसता नावं ठेवायची. तो नुसता हसायचा.

वर्ष संपायच्या आत तो गेला. हृदय बंद पडलं. त्यानं बांधलेल्या गासड्या गोठ्याशेजारी तशाच रचलेल्या होत्या. धाकटा दीर आला तो गुरांच्या व्यापाऱ्याला सोबत घेऊनच.

"वहिनी, हट्ट करू नका. बारा जनावरांची वैरण तुमच्या एकटीच्यानं हलायची नाही. दादाला मी तेव्हाच म्हणालो होतो, डॉक्टरांनी एवढं सांगितलंय, आता कसलं मशीन घेतोस?"

"काय सांगितलं होतं डॉक्टरांनी?"

दिरानं जीभ चावली, पण आता उशीर झाला होता. "हृदय कधीही दगा देईल म्हणून. तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यानं मला."

ती उठली, वरची एक गासडी ओढून खाली पाडली आणि ढकलत निघाली. गासडी कुठं अडली नाही. गव्हाणीपाशी तिनं प्लास्टिक फाडलं, आंबूस वास सुटला आणि गाईंनी माना पुढे केल्या.

व्यापारी समजायचं ते समजला आणि निघून गेला. दीर तिथंच घुटमळत राहिला.

"गाई जायच्या नाहीत," ती म्हणाली. आणि मग तिचा बांध फुटला. "मला सांगायचं तरी, भावजी! शेवटपर्यंत टोमणेच मारत राहिले हो मी त्यांना, त्या मशीनवरून."