बापूंनी ओढलेली लाइन

"अगं आई गं!" जाईबाई किंचाळल्या आणि माइक स्टँडसकट आडवा झाला. संघप्रियानं धावत जाऊन मेन स्विच बंद केला. अंधारात म्हातारीचं कण्हणं तेवढं ऐकू येत राहिलं.

घोडबंदरच्या बैठ्या घरामागे सुटी उभी असलेली ही खोली म्हणजे संघप्रियाचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. चांगली नोकरी सोडून पोरीनं हा खटाटोप मांडलेला. घरातून मागं लाइन ओढायला ती काशीमीऱ्याच्या चंदन वायरमनला बोलावणार होती, तर तिचे वडील, गावचे जुने वायरमन बापूराव, उसळले. "अख्ख्या गावाला लाइट दिली मी, आणि माझ्याच घरात परका माणूस तार ओढणार? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

मग काय, पोरीनं माघार घेतली. बापूरावांनी राबून वायरच्या झकास पट्ट्या मारल्या, बोर्ड बसवले. अर्थिंगसाठी, म्हणजे गळका करंट जमिनीत जावा म्हणून, बाहेर खड्डा मात्र खणला नाही. बोर्डातच अर्थिंगची पिन न्यूट्रलला, करंट परत नेणाऱ्या तारेला, जोडून दिली. त्यांच्या उस्तादानं असंच शिकवलेलं आणि जन्मभर ते असंच करत आले होते. दिवा लागतोय ना, झालं तर!

आज पहिलंच रेकॉर्डिंग, गावातल्या गायिका जाईबाईंचं. भीमगीत म्हणायचं म्हणून जाईबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या. पायात काही घालून हे गाणं म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. एसी सुरू झाला, न्यूट्रलचा एक सैल जोड निसटला, दिवे लुकलुकले, आणि करंट अर्थिंगच्या पिनेतून माइकच्या जाळीत येऊन थेट त्यांच्या ओठांना भिडला.

"कोणी केलंय हे वायरिंग?" त्यांचा मुलगा महिपत दारातूनच ओरडला. "माझी आई गेली असती आत्ता!"

बापूराव पडलेला माइक उचलायला वाकले. बोलायला पाहिजे होतं.

"मी केलं, काका," संघप्रिया म्हणाली. "व्हिडिओ बघून. चुकलं माझं."

"घरात एवढा मोठा वायरमन असताना तुला ही अवदसा आठवली?" महिपतनं तिला चांगलीच झापली. मग वळून म्हणाला, "बापू, तुम्ही तरी लक्ष द्यायचं ना!"

आणि बापूरावांनी काय करावं? मान डोलावली! चक्क मान डोलावली त्या माणसानं.

डॉक्टरकडे जायला रिक्षात बसताना जाईबाईंनी संघप्रियाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खोटं का बोललीस गं?" संध्याकाळी बापूरावांनी विचारलं.

"मग काय करणार, पप्पा? तुम्हाला सगळे मानतात इथं. माझं नाव खराब व्हायला आधी नाव तर पाहिजे ना!"

ती हसली. बापूराव ताटावरून उठले. पोटच्या पोरीसमोर बसायचीही त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चंदन आला. बोर्ड उघडला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "ये किस उस्ताद का काम है?"

"मैंने..." संघप्रिया म्हणायला लागली.

"इसने नहीं," बापूराव मध्येच बोलले. "मैंने किया. मैंने."

चंदनचं हसू मावळलं. "अंकल, बुरा मत मानना. न्यूट्रल ढीला हुआ, तो सीधा बॉडी में करंट आता है. और कहीं तो नहीं किया ना ऐसा?"

अख्ख्या गावाला लाइट दिली, असं छाती फुगवून तेच तर सांगत आले होते. सगळीकडे हाच जोड. कुणाकडे मिक्सर, कुणाकडे गिझर, शेजारच्या शेवंतीच्या घरात तर रांगतं पोर. चंदन बाहेर अर्थिंगचा खड्डा खणत होता आणि ते पायरीवर बसून राहिले. मग उठले, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि दोन गल्ल्या सोडून महिपतच्या दारात जाऊन उभे राहिले.

"आता काय राहिलंय, बापू?" महिपत तुटकपणे म्हणाला. आत खाटेवर जाईबाई बसल्या होत्या. ओठ सुजलेले.

"पोरगी खोटं बोलली, माझ्यासाठी," बापूराव म्हणाले. "ते वायरिंग माझं. आणि मी काल नुसती मान डोलावली, बाई. लाज वाटते मला." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "तुमच्या या घरातलं पण माझंच आहे. तसंच केलंय मी. मेन बंद कर, महिपत. मला ते काढू दे."

महिपत बघतच राहिला. तो काही बोलणार, एवढ्यात जाईबाईंनी त्याला हातानं मेनकडे खूण केली. त्यांना बोलता येत नव्हतं.

पंखा हळूहळू थांबला. जाईबाई पदरानं वारा घेत बसून राहिल्या, आणि बापूरावांनी त्यांच्यादेखत पहिला बोर्ड उघडला.