धुतलेल्या टाकीचा अर्ज

मी एक जुनी सिमेंटची टाकी आहे आणि गेल्या खंडेनवमीला मी मेले. कारखान्याच्या दप्तरात मात्र तसे काही घडल्याची नोंद नाही, तेव्हा आपणही घडले नाही असेच धरून चालू.

मित्रांनो, माझा जन्म १९८१ सालचा, खालापूरजवळच्या एका रंगाच्या कारखान्यामागे. कारखान्याचे पाणी काळे आणि कुजक्या अंड्यांच्या वासाचे. ते ज्या ओढ्यात जाई, त्याला म्हशी तोंड लावत नसत. काही वर्षांपूर्वी केमिस्ट रमजानभाईंनी माझ्यात गाळ सोडला. त्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू होते. त्यांना त्या वासाचीच भूक! वास खायचे आणि पिवळा गंधक मागे ठेवायचे. झाडलोट करणारी सोनुबाई तो झाऱ्याने काढून वाळवी. आंब्याच्या मोहोरावर भुरी पडली की गावकरी तोच धुरळत. पाणी निवळले. सोनुबाईची म्हैस मंगळी ओढ्यावर पिऊ लागली. एवढे कौतुक माझे कोणी केले नव्हते.

मग खंडेनवमी आली. यंत्रे धुवायची, हार घालायचे. पंपावर नव्याने लागलेल्या गजाने मला ब्लीचिंग पावडरीने घासले. आतून. दोनदा. माझ्यातले कोट्यवधी जीव गेले आणि वर झेंडूचा हार चढला.

"गजा, काय केलंस रं हे?" रमजानभाई माझ्यात डोकावले.

"पूजा! बघा तरी, तोंड दिसतंय हिच्यात."

"माझंच दिसतंय. रडवं."

ओढ्याचे पाणी पुन्हा काळे झाले. साहेब म्हणाले, "आठ दिवसांत पाणी निवळलं नाही तर टाकी तोडा."

सोनुबाईने पदर खोचला आणि झाडूच्या खोलीतून लोणच्याची बरणी आणली. आत माझाच गाळ! ती त्याला रोज पेलाभर घाण पाणी पाजत होती.

"हे कधी ठेवलंस, सोनुबाई?"

"मागल्या साली. इरजण कदी समदं संपवत्यात का, भाई? वाटीभर मागं ठेवायचं."

वाटीभर मागे ठेवून तिने बरणी माझ्यात ओतली. आठव्या दिवशी माझ्यावर पिवळी साय धरली. पाणी ओढ्यात सोडले. मंगळीने हुंगले, थांबली आणि प्यायली. रमजानभाईंनी डब्यातली अर्धी भाकरी तिला भरवली.

साहेबांनी अहवालात लिहिले, 'टाकी स्वच्छ धुतल्याने उत्तम निकाल.' गजाला बक्षीस म्हणून स्टीलचा तांब्या मिळाला. तो आता ब्रश घेऊन पुढच्या खंडेनवमीची वाट पाहतो आहे.

मित्रांनो, जिवंत वस्तू चकचकीत असतेच असे नाही. सबब, मा. व्यवस्थापकसाहेबांच्या सेवेशी विनंतीअर्ज सादर की, अर्जदार टाकी क्रमांक दोन हिला धुण्यातून कायमची सूट मिळावी, तिला आहे तशी घाणेरडीच ठेवावी आणि येत्या खंडेनवमीचा हार बरणीस घालण्यात यावा. कळावे.