खोडलेली वळणं

प्रयोगशाळेत एकतीस वर्षं माझं काम एकच होतं, सूक्ष्मदर्शकातून दिसेल ते कागदावर उतरवायचं. सोड्याने कडा पांढऱ्या पडलेल्या खाऱ्या तळ्यांचं पाणी बाटल्यांतून यायचं. त्यातल्या निळसर हिरव्या धाग्यांना आता सायनोबॅक्टेरिया म्हणतात. आमच्या वेळी ते साधं शेवाळ होतं.

परवा भाची आली. तीही त्याच तळ्यांवर काम करते. तिला नवी जात सापडली होती, जनुकंही वेगळी निघाली होती, पण संशोधनपत्रिकेच्या तपासनिसांनी लेख परत पाठवला होता.

"म्हणतात, तळ्यात धागा स्प्रिंगसारखा आणि फ्लास्कमध्ये सरळ, म्हणजे दोन जाती मिसळल्यात. महिन्याभरात उत्तर दिलं नाही तर तीन वर्षं पाण्यात!"

"शेवाळ पाण्यातच असतं गं."

"मावशी, मी रडकुंडीला आलेय आणि तुला विनोद सुचतायत!"

मी कपाटातून जुनी वही काढली आणि एक पान दिव्यापुढे तिरपं धरलं. सरळ रेघेभोवती पुसलेल्या वळणांचे चर अजून दिसत होते.

"हे कोणी खोडलं?"

"मीच. ताज्या पाण्यात दिसलं तसं काढलं होतं. महिन्याने साहेबांनी फ्लास्कमधलं पाहिलं, तर सरळ. म्हणाले, 'बाई, डोळे तपासून घ्या.' मी मुकाट्याने रबर उचललं."

"मग?"

"मग गुपचूप फ्लास्कमधलाच एक धागा उचलला आणि तळ्याच्या गाळलेल्या पाण्यात वाढवला. अकराव्या दिवशी वळणं परत आली. पण तोवर अहवाल गेला होता, आणि साहेबांना सांगायचा माझा धीर झाला नाही."

भाचीने वही जवळ ओढली. "फ्लास्कच्या पाण्यात आम्ही सोडा कमी घालतो. लवकर वाढावं म्हणून."

"तेच. एकच धागा घे. तो वाढला की त्याचे दोन भाग कर, एकाला तुमचं पाणी, दुसऱ्याला तळ्याचं."

नवव्या दिवशी तिचा फोन आला. काहीच नव्हतं. दहाव्या दिवशी मीच केला, तिने उचलला नाही. बाराव्या दिवशी सकाळी ती फोनवर ओरडलीच, "मावशी, वळलं! तळ्याच्या पाण्यातलंच वळलं! लेखासाठी चित्र तूच काढायचंस. जमेल ना? डोळे?"

"तपासलेत. मोतीबिंदूही काढलाय."

मी पिशवीत दोन पेन्सिली टाकल्या. रबर टेबलावरच राहू दिलं.