लाल ट्रेमधली लेन्स

त्रिशलाआक्कांच्या नजरेतून डाग सुटला, असं गोकुळ शिरगावच्या त्या कारखान्यात कुणी कधी ऐकलं नव्हतं. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवतात त्या लेन्स तिथं तयार व्हायच्या. आक्का एकेक लेन्स सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. स्वच्छ असली तर हिरव्या ट्रेत. ओरखडा किंवा डाग दिसला की लाल ट्रेत. कौतुक करणं त्यांना जमायचंच नाही. फारच खूश झाल्या तर ‘पास’ म्हणायच्या.

गेल्या महिन्यापासून मात्र लाल ट्रे भरून वाहत होता. बघावं त्या लेन्सवर धुरकट डाग. पॉलिश करणारा कृष्णात रडकुंडीला आला होता.

“आक्का, अजून किती घासू? झिजून जातील की लेन्सा!”

“लोकांच्या डोळ्यात असली घाण जाऊ द्यायची व्हय? घास!”

शेवटी मॅनेजर अभिनंदन यांनी कृष्णातला पॉलिशवरून काढून गोदामात पाठवायचं ठरवलं. आक्कांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्यावर बोलणार कोण? कृष्णातनं शेवटचा लॉट आणून टेबलावर ठेवला.

“ही तरी एकदा फिरवून बघा, आक्का.”

आक्कांना राग आला. डाग दिसला की लेन्स फिरवायची, सोबत डाग फिरला तर तो लेन्सवरचा, हे सगळ्यांना त्यांनीच तर शिकवलं होतं. स्वतः मात्र कैक वर्षांत तसं केलं नव्हतं. आपल्या नजरेला कसली आलीय परीक्षा? तरी रागारागानं त्यांनी लेन्स फिरवली. डाग जागच्या जागी. सूक्ष्मदर्शकाची काच पुसली, तीही फिरवली. डाग हलेना. मग कधी नव्हे तो त्यांनी डावा डोळा लावला. लेन्स लख्ख होती.

हे कळलं तर आक्कांचं तपासणीचं टेबल जाणार. गपचूप पास करून टाकावी, असं क्षणभर वाटलंही. पण समोर कृष्णात मान खाली घालून उभा होता.

“अभिनंदनसाहेब,” त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, “डाग माझ्या डोळ्यात हाय. कृष्णातचं काम चोख हाय. मीच उगा छळलं त्याला.”

कृष्णातलाच बिचाऱ्याला अवघडल्यासारखं झालं.

“असू द्या, आक्का. ऑपरेशन करा आन् या की परत.”

“करतेच. पण हा लॉट दुसऱ्या कुणाकडनं तपासून घे. पास झाला तर ह्यातलीच एक माझ्या डोळ्यात बसवायला सांगते डॉक्टरला.”

तसंच झालं. पट्टी काढल्यावर कृष्णात केळी घेऊन भेटायला आला आणि समोर बसला.

“कसं हाय आमचं पॉलिश?”

आक्का ‘पास’ म्हणणार होत्या. पण त्याची बसलेली गालफडं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना आता स्वच्छ दिसत होती.

“किती वाळलास रे,” त्या म्हणाल्या, “माझ्यापायी.”