साडेसातपर्यंत गप्प

गावात मिशनच्या तीन सिस्टर राहायला आल्या, तेव्हा जुन्या गोदामाला चुना लावण्यापासून दवाखान्याचं कपाट ढकलत आत नेण्यापर्यंत सगळीकडे मी होतेच! घरी मला 'गिरणी' म्हणतात, कारण माझं तोंड बंद होत नाही. सिस्टरांनी सांगितलं होतं, दवाखान्याचा जम बसला की नववीचा वर्ग काढू. शाळा आठवीपर्यंतच आणि मी आठवीत! म्हणजे पुढच्या वर्षी एक तर नववी, नाही तर आईबरोबर वीटभट्टी.

पण दोन महिने झाले तरी दवाखान्यात नुसत्या माशा मारणं चाललेलं. आणि आता त्यांच्या मोठ्या मदर आल्या होत्या. दोन दिवस राहून बघणार, पेशंट नसतील तर गाशा गुंडाळून सगळ्यांना घेऊन जाणार.

"तुम्ही जात का नाही गं?" मी आईला धारेवर धरलं.

"गेले होते की! सकाळी सहाला. ती उंच सिस्टर दारात आली, हसली, हात जोडले, पण तोंडातून अवाक्षर नाही. मावशीलाही तसंच. शिष्ट मेल्या!"

"मग तू सांगायचंस ना, काय दुखतंय ते."

"विचारल्याशिवाय? मी काय वाटेवर पडलेय?"

"बरं, दहाला जा, दवाखाना उघडतो तेव्हा."

"आणि विटा तू थापणार?"

मी तशीच धावत उंच सिस्टरांकडे. ऐकून त्यांनी कपाळालाच हात लावला. "अगं, रात्रीच्या प्रार्थनेपासून न्याहारीपर्यंत, साडेसातपर्यंत, आमचं मौन असतं. कुणाच्या जिवावर बेतलं असेल तरच बोलतो आम्ही. पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या! मला वाटलं, आम्हाला बघायला आल्यात."

"सिस्टर, मौन तुमचं आहे, माझं नाही!"

दुसऱ्या दिवशी सहाला मी दारात हजर! संध्याकाळीच घरोघरी सांगून आले होते, त्यामुळे नऊ बायका आल्या. मी विचारायचं, त्यांनी सांगायचं, सिस्टरांनी मान डोलवायची. खोकला झाला, कंबर झाली. गोळी दिवसातून तीनदा, हे सिस्टरांनी बोटांनी दाखवलं, तर मावशी म्हणाली, "तीन रुपये?" सगळ्या खो खो हसल्या.

तेवढ्यात प्रार्थनेच्या खोलीचं दार उघडलं. मोठ्या मदर! कपाळावर आठ्या. संपलं, मला वाटलं. मौनाच्या वेळेला हा बाजार! इतक्यात मावशीने पदराखालचा हात बाहेर काढला. भट्टीवर भाजलेला, तळव्यावर टरारून फोड. हे तिने मलासुद्धा सांगितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझी गिरणी बंद पडली.

मदर सरळ पुढे आल्या, मावशीचा हात हातात घेतला.

"कधी भाजलं, बाई?"

उंच सिस्टरांचा आ वासलेला!

"चार दिवस झाले," मावशी म्हणाली, आणि रडायलाच लागली.

"पाणी आणा. मलम आणा. अहो, बोला की सिस्टर!" मदर म्हणाल्या. "मौन देवासाठी आहे, या हाताशी कसलं मौन?"

मग काय, सगळ्या एकदम बोलायला लागल्या. साडेसातची घंटा झाली, ती कुणाला ऐकूसुद्धा आली नाही.

निघताना मदर दारावरच्या पाटीसमोर थांबल्या. 'दवाखाना सकाळी दहा' मधला दहा खडूने खोडून तिथे सहा लिहिला. मग माझ्याकडे वळल्या.

"आणि तू गं! नववीच्या वर्गात मधूनमधून श्वास घेत जा."

नववीच्या वर्गात म्हणाल्या! मी घरापर्यंत पळतच सुटले.